सी ड्राइव्ह लाल झालाय? टेम्प फाइल्स बिनधास्त उडवा, पण डाउनलोड्सची टिक बघून

विंडोज १० किंवा ११ वाला लॅपटॉप असेल आणि त्यात १२८ किंवा २५६ जीबीचीच एसएसडी असेल तर कधी ना कधी धिस पीसी उघडल्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसतेच. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की ती लाल होते. मग अपडेट अडकतात, मशीन रडतखडत चालतं, आणि लोक घाईघाईत फोटो नाहीतर मुलांचे प्रोजेक्ट डिलीट करायला घेतात. थांबा जरा, आधी कचरा काढू, फोटोंना हात लावायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

आधी सगळी कामं सेव्ह करून मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्टच. कारण काही सॉफ्टवेअर इन्स्टॉल झाल्यावर उरलेलं काम रीस्टार्टनंतर पूर्ण करतात आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स टेम्पमध्येच, म्हणजे प्रोग्राम तात्पुरत्या फाइल्स ठेवतात त्या फोल्डरमध्येच, पडलेल्या असतात, त्या मध्येच उडवल्या तर इन्स्टॉलेशन अर्धवट राहू शकतं.

आता विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी रन विंडो येते, त्यात टक्क्याचं चिन्ह, मग टेम्प, परत टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करा, मध्ये स्पेस नको, आणि एंटर. जे फोल्डर उघडेल त्यात चित्रविचित्र नावांच्या शेकडो फाइल्स दिसतील. पण सिलेक्ट ऑल करायच्या आधी एक नजर टाका. झिप फाइल एक्स्ट्रॅक्ट न करता थेट आतला वर्ड किंवा एक्सेल उघडला की त्याची कॉपी इथंच कुठेतरी ठेवली जाते, आणि त्यातच तासभर काम करून तुम्ही सेव्ह दाबलं असेल तर ते काम या फोल्डरमध्येच असण्याची शक्यता असते. तारखेप्रमाणे सॉर्ट करा, ओळखीच्या नावाची फाइल दिसली तर डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करून ठेवा. मग कंट्रोल ए, डिलीट. मध्येच "फाइल इन यूज" असा मेसेज येईल, घाबरायचं काही नाही, एखादा प्रोग्राम ती वापरतोय एवढाच अर्थ, स्किप करा आणि पुढे चला. आणि हो, शेवटी रिसायकल बिन रिकामा करा, तोवर जागा सुटत नाही!

खरा माल मात्र वेगळीकडे असतो. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज आणि तिथं टेम्पररी फाइल्स. यादी तयार व्हायला थोडा वेळ लागतो, होऊ द्या. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स, यावर खुशाल टिक करा, थंबनेल्स विंडोज परत बनवून घेतं. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल तर प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन पण दिसेल, हे कित्येक जीबी खाऊन बसलेलं असतं, पण ते उडवलं की जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही, त्यामुळे प्रिंटर, टायपिंगचे मराठी फॉन्ट, ऑफिसचं सॉफ्टवेअर सगळं नीट चालतंय ना ते बघूनच टिक करा. तसंही साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. याच यादीत डाउनलोड्स असं पण येतं. बाबांनो, ते टेम्पररी नाही! तिथं तुमचा सातबारा, पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्म, बँकेचं स्टेटमेंट, मेलवरून उतरवलेलं सगळं पडलेलं असतं, आणि इथून रिमूव्ह केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. आकडा मोठा दिसतो म्हणून मोह होतो, पण ती टिक काढूनच ठेवा आणि डाउनलोड्स फोल्डर वेगळं उघडून साइजप्रमाणे लावून हाताने साफ करा. रिसायकल बिनवर टिक असेल तर त्यातही एकदा डोकावून बघा.

ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून फक्त कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स, म्हणजे वेबसाइट्सच्या साठवून ठेवलेल्या कॉपी, निवडा, पासवर्डच्या टिकला हात लावू नका.

व्हिडिओंमध्ये प्रीफेच फोल्डर पण रिकामं करायला सांगतात, ते करू नका. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने तिथं नोंदी ठेवलेल्या असतात, जागा नगण्य असते आणि उडवलं तर पुढच्या वेळी उलट हळू उघडतं. विनएसएक्सएस (WinSxS) हे विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम फाइल्सचं फोल्डर कितीही मोठं दिसलं तरी हाताने कधीच डिलीट करू नका, विंडोज चालूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. आणि फुकटातल्या क्लीनर सॉफ्टवेअरची खरंच गरज नाही, वरचं सगळं विंडोजमध्येच आहे.

परत परत करायचा कंटाळा असेल तर स्टोरेजमध्येच स्टोरेज सेन्स चालू करा, महिन्यातून एकदा वर ठेवा, आणि त्यातल्या डाउनलोड्सच्या पर्यायाला नेव्हर. एवढं करूनही पट्टी लालच राहिली तर स्टोरेजच्या त्याच पानावर ॲप्स किती, व्हिडिओ किती असे आकडे दिसतात, सगळ्यात वरचा जो असेल त्यावर क्लिक करून तिथून सुरुवात करा.