व्हिएतनामी विद्यार्थ्यांचं ‘भारी’ इंग्रजी: या चुका टाळा

हो ची मिन्ह सिटीत (इथले लोक अजून सायगॉनच म्हणतात) माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं एकाच साच्यातली. व्याकरण बऱ्यापैकी, ऐकून समजतंही, पण आयईएलटीएसला (इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा; गुण ‘बँड’मध्ये, नऊपैकी) सहा-साडेसहावर अडकलेली. कुणाला विद्यापीठाच्या प्रवेशासाठी गुण हवेत, कुणाला ऑस्ट्रेलियाला जायचंय. सगळ्यांचं निदान एकच: ‘शब्द कमी पडतात.’ शब्द कमी पडत नाहीत हो, आहेत ते नीट येत नाहीत. तुम्ही ऑनलाइन किंवा इथे येऊन या मुलांना शिकवणार असाल, तर पुढच्या चुका पहिल्याच आठवड्यात भेटतील.

समानार्थी शब्दांच्या याद्या

माझा सगळ्यात जुना राग यांच्यावर. ‘हा साधा शब्द सोडा, हा वापरा’ अशा याद्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात. डावीकडे ‘इम्पॉर्टंट’, उजवीकडे ‘पॅरामाउंट’. डावीकडे ‘मेनी’, उजवीकडे ‘अ प्लेथोरा ऑफ’. मग विषय प्लास्टिकचा असो की आजी-आजोबांचा, निबंधात प्लेथोरा येतोच.

एका मुलाने दा नांग शहरातल्या एका हॉटेलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि पाठवून झाल्यावर कौतुकाने मला दाखवला. पहिलंच वाक्य: आपल्या ‘नोटोरियस’ हॉटेलात काम करायचं माझं स्वप्न आहे. खाली स्वतःची ओळख करून दिलेली, मी मेहनती आणि ‘कनिंग’ आहे. म्हणजे कुप्रसिद्ध हॉटेलाला एका कावेबाज माणसाचा सविनय अर्ज! उत्तर अर्थातच आलं नाही.

मी विचारलं, तेव्हा त्याने यादी पुढे केली. ‘फेमस’समोर ‘नोटोरियस’ छापलेलंच होतं. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या भाषेत हा फरक चांगला धारदार आहे. प्रसिद्ध म्हणजे ‘नोय तिएंग’, आणि कुप्रसिद्ध म्हणजे ‘खेत तिएंग’. यातल्या ‘खेत’चा अर्थ जळका वास. मी म्हटलं, तुझ्या गल्लीत खेत तिएंग कोण? म्हणाला, गुंड. मग? मग कान लाल झाले. पण दोन मिनिटांनी पुन्हा तेच: ‘यादीत तर दिलंय ना.’ छापलेल्यावरची ही श्रद्धा उपटून काढणं हे माझं निम्मं काम.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी माणसाला पटकन कळेल. व्हिएतनामीत चिनी मुळाचे शब्द ढिगाने आहेत आणि औपचारिक लिखाणात त्यांचा मान आपल्या तत्सम शब्दांसारखा. त्यामुळे जड ते चांगलं, हा संस्कार शाळेपासूनचा. ‘सदर इसमाने’ लिहिलं की मराठी सुधारलं असं मानणारे आपल्याकडे कमी आहेत का? आयईएलटीएसच्या लेखनात आणि बोलण्यात शब्दसंपदा हा चारपैकी एक निकष. वरच्या बँडला त्यात नुसता अनोळखी शब्द पुरत नाही, तो कुठल्या शब्दांच्या संगतीत आणि कुठल्या सुरात आलाय हेही बघतात.

माझ्या वर्गात वहीत समानार्थी शब्द लिहायला बंदी आहे. शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवायचं. तोच शब्द आणखी दोन वेगळ्या ठिकाणी भेटेपर्यंत निबंधात वापरायचा नाही. यात वेळ जातो. काही जण कंटाळून महिन्याभरात तीन हजार शब्दांची हमी देणाऱ्या क्लासला जातात. जाऊ देत.

शब्दाचं शेपूट खाणं

याला सगळे उच्चाराची चूक समजतात. मी शब्दसंग्रहाची समजतो. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी प, त, क आणि अनुनासिकं सोडली तर दुसरं व्यंजन येत नाही, आणि प-त-क सुद्धा अर्धवट गिळलेले. त्यामुळे ‘प्राइस’, ‘प्राइझ’, ‘प्राइड’ ही तिन्ही कानाला जवळजवळ सारखीच. त्यात भर म्हणजे वहीच्या समासात इंग्रजी उच्चार व्हिएतनामी स्पेलिंगमध्ये लिहून ठेवायची सवय. व्हिएतनामी आज ज्या रोमन लिपीत लिहितात ती युरोपीय मिशनऱ्यांनी घडवली, अलेक्सांद्र द रोड यांचा शब्दकोश १६५१ सालचा. पण ती घडली व्हिएतनामी उच्चारांसाठी. शेवटचा ‘स’ तिच्या नियमात बसतच नाही. आपली मुलं समासात देवनागरीत निदान ‘प्राइस’ पूर्ण लिहितात तरी. इथे लिहितानाच शेपूट कापलं जातं.

आता इंग्रजीचं अर्धं व्याकरण त्या शेपटातच असतं. व्हिएतनामीत ‘थान्ह कोंग’ हा एकच शब्द यश, यशस्वी आणि यशस्वी होणे या तिन्हींना चालतो, रूप बदलत नाही. म्हणून ‘ही इज सक्सेस’ आणि ‘आय वॉन्ट टू सक्सेस’ ही वाक्यं साडेसहा बँडवालाही बिनधास्त बोलतो. बोलताना जे ऐकू येत नाही ते लिहिताना कुठून आठवणार?

भाषा-संशोधक एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी इथे पुष्कळ जण पाठ करतात. तिच्यात ५७० नोंदी आहेत, पण ती ५७० कुटुंबं आहेत, सुटे शब्द नव्हेत. मुलं ‘अ‍ॅनलाइझ’ पाठ करून पुढे पळतात; ‘अ‍ॅनलिसिस’, ‘अ‍ॅनलिस्ट’, ‘अ‍ॅनलिटिकल’ मागेच राहतात. मी एका शब्दाची सगळी रूपं वेगवेगळ्या वाक्यांत म्हणायला लावतो, शेवट मुद्दाम ताणून, मोबाईलवर रेकॉर्ड करून. स्वतःचं ऐकलं की कळतं. ज्याला जुन्या शब्दाची रूपं येत नाहीत त्याला त्या दिवशी नवा शब्द नाही. रडले तरी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आघात: प्रत्येक अक्षर सारख्याच जोराने. ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’मध्ये जोर सरकतो, तो वहीत शब्द उतरवतानाच अधोरेखित करायचा.

‘ड्रिंक मेडिसिन’: गोळी असली तरी. व्हिएतनामीत औषध पितात, इंग्रजीत ‘टेक’ करतात. क्रियापद नामासकट पाठ करा, विषय संपला.

‘चेक-इन’: इथल्या तरुणांच्या बोलीत एखाद्या ठिकाणी फोटो काढून टाकणं म्हणजे चेक-इन. परीक्षकाला वाटतं, पोरगं दर रविवारी हॉटेलात राहतं.

‘ऑल्दो’नंतर ‘बट’: व्हिएतनामीत हे दोन्ही सहसा जोडीने येतात, इंग्रजीत दोघांतलं एकच चालतं. इथे मराठी शिक्षकाने जरा जास्त सावध राहावं. आपल्याकडेही ‘जरी’च्या मागे ‘तरी’ येतोच, त्यामुळे ते वाक्य आपल्याला खटकत नाही आणि लाल पेन पुढे सरकतं. मी वह्या तपासताना आधी ‘ऑल्दो’ शोधून त्याला गोल करतो, मग बाकीचं वाचतो.