'अजून होऊ शकतं' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

मराठीत 'शकणे' दोन्ही कामं करतं. 'तो पोहू शकतो' म्हणजे त्याला पोहता येतं, आणि 'उद्या पाऊस पडू शकतो' म्हणजे कदाचित पडेल. इंग्रजीत इथेच वाटा फुटतात.

पहिली पायरी : शक्यता सांगताना 'कॅन' बाजूला ठेवा. 'इट कॅन रेन टुमॉरो' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण इंग्रजीभाषक 'इट माइट रेन' किंवा 'इट कुड रेन' म्हणतो. 'कॅन' चालतो तो एरवी कधीही घडू शकणाऱ्या गोष्टीला : 'महाबळेश्वर कॅन गेट व्हेरी कोल्ड.' शाळेत 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ म्हणून घोकलेला असतो, त्यामुळे उद्याच्या गोष्टीला तो लावायला जीभ वळत नाही. वळवा. 'मे' आणि 'माइट' यांच्यातल्या फरकावर व्याकरणाची पुस्तकं बरंच काही सांगतात. बोलताना तो फारसा कुणी पाळत नाही.

दुसरी पायरी 'अजून'ची. १८ चेंडूंत ४० धावा हव्या आहेत आणि तुम्ही आशा सोडलेली नाही : 'वी कुड स्टिल विन.' 'स्टिल' क्रियापदाला चिकटूनच हवा. तो वाक्याच्या तोंडाशी नेलात, 'स्टिल, वी कुड विन', की अर्थ 'तरीही' असा होतो.

तिसऱ्या पायरीवर भलेभले घसरतात : नकार. होकारार्थी वाक्यात 'कुड' आणि 'माइट' जवळपास सारखे, पण 'नॉट' लागला की चक्क उलट्या दिशेला जातात. 'इट माइट नॉट बी ट्रू' म्हणजे कदाचित खरं नसेल. 'इट कुडन्ट बी ट्रू' म्हणजे खरं असणं शक्यच नाही. सोमवारी रुजू होणं जमेल की नाही याची खात्री नसेल, तर 'आय माइट नॉट बी एबल टु जॉइन ऑन मंडे' लिहा. 'आय कान्ट जॉइन' लिहिलंत तर विषय तिथेच संपला.

घडून गेलेल्या गोष्टीचं थोडक्यात : 'ही मे हॅव मिस्ड द ट्रेन' म्हणजे गाडी चुकली असेल, अजून कळलेलं नाही.

आता वाक्प्रचार. एखादा प्रस्ताव अजून रद्द झालेला नसेल तर तो 'स्टिल ऑन द टेबल' असतो. जबाबदार पदावरची माणसं 'वी कान्ट रूल इट आउट' म्हणतात : होईल असंही नाही, होणार नाही असंही नाही. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे मुळीच शक्य नाही, त्यामुळे 'नॉट आउट ऑफ द क्वेश्चन'मधला 'नॉट' गिळू नका. 'देअर इज अ चान्स' ही नुसती शक्यता. 'चान्सेस आर, ही विल कम' म्हणजे मात्र तो बहुतेक येणारच. अंधुक आशेला 'लाँग शॉट'.

शेवटची पायरी मापाची, कारण हे शब्द मुळातच सैल आहेत. १९५१ साली अमेरिकी गुप्तचरांच्या अहवालात युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचं म्हटलं होतं. तो अहवाल तयार करणाऱ्यांपैकी एक, सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात ती साधारण ६५ टक्के होती. अहवालावर काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं २० पासून ८० टक्क्यांपर्यंत आली! तेव्हा पैशाचा किंवा तारखेचा मामला असेल तर आकडा जोडाच : 'वी माइट स्टिल डिलिव्हर बाय फ्रायडे, बट इट्स फिफ्टी-फिफ्टी.'