मिरगाआधी कासवाचं घर

माझा सदू सुलकाटा जातीचा, मूळचा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातला, आणि राहतो गुहागरला. उन्हाळ्यात त्याची काळजी नसते. सकाळी खळ्यात सोडला की ऊन खातो, दुर्वा खातो. खरी परीक्षा मिरगापासून. पहिल्या वर्षी मी त्याला काचेच्या टाकीत ठेवलं होतं. पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही, म्हणून दिवसभर काचेला नाक घासायचा. आषाढात नाकातून बुडबुडे यायला लागले. डॉक्टरांच्या औषधाने वाचला. ओल त्याला चालते, गारठ्यातली ओल नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पावसाळ्यासाठी टाकीऐवजी लाकडी पेटी सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच करून घ्या. प्लायवूड पहिल्या पावसात फुगतं. फणसाच्या फळ्या टिकतात, वाळवीही सहसा लागत नाही. आतून काजूच्या टरफलाचं तेल अजिबात लावू नका, ते अंगाला उततं. तळाला ताडपत्री घाला. पावसाळ्यात जमीन पाझरते, म्हणून पेटीला फूटभर पाय हवेत. आजी दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, तसेच हेही ठेवा. मुंग्या चढत नाहीत. पाणी मात्र दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात. वर जाळीचं झाकण हवंच, उंदीर-मुंगसांसाठी.

आत चार इंच थर: निम्मी खत न घातलेली माती, निम्मं कोकोपीट. मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी येता कामा नये. पिल्लाला अगदी कोरडं ठेवलं तर पाठीला उंचवटे येतात. लपायला फुटकं मडकं आडवं ठेवा, पाण्याला उथळ परळ.

एका टोकाला उष्णतेचा दिवा, साखळीने पक्का टांगलेला. नुसत्या चिमट्यावर विसंबू नका, पडला तर आग लागेल. त्याच्याखाली, पाठीच्या उंचीवर, ३५ अंश तापमान हवं आणि दुसऱ्या टोकाला २६-२७. दोन्हीकडे थर्मामीटर ठेवा. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब वेगळी लागते, रोज बारा तास. मध्ये काच आली तर ते किरण पोचत नाहीत. उजेड दिसत राहिला तरी वर्षभरात किरण क्षीण होतात, म्हणून मी दरवर्षी मिरगाआधी नवी बसवते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून मडक्याशेजारी ठेवते.

एक गोष्ट कळकळीने सांगते: आपल्याकडचं स्टार कासव घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. सुलकाटाचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि तो ४० किलोच्या वर जाऊ शकतो, माणसाइतका जगतो. ही पेटी फक्त पहिल्या काही वर्षांची. सदूला ती आता अपुरी पडायला लागली आहे. गोठ्याच्या बाजूला त्याच्यासाठी चिऱ्याची खोली बांधायला घेतली आहे.