किनाऱ्यावरचं पाणी तपासताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकड्याची वाट बघत बसणं. एन्टेरोकोकाय हे आतड्यातले, पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण देणारे जंतू प्रयोगशाळेत वाढवून मोजायला साधारण 24 तास लागतात. त्यामुळे हातात पडतो तो कालच्या पाण्याचा निकाल, आणि मधल्या काळात मुलं त्याच पाण्यात डुंबून, नाकातोंडात पाणी घेऊन घरी गेलेली असतात. जोराचा पाऊस झाला, नाला फुगून समुद्राला मिळाला किंवा सांडपाण्याची वाहिनी फुटल्याचं कळलं, तर लगेच धोक्याचा फलक लावा. नमुना त्यानंतर घेतला तरी चालेल. क्यूपीसीआर या जंतूंचा डीएनए मोजणाऱ्या चाचणीने काही तासांत उत्तर मिळतं, पण त्यात मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजला जातो. म्हणून ते आकडे जुन्या पद्धतीच्या आकड्यांशी ताडून पाहू नका.

आता बाटलीकडे वळू. आकडे एकमेकांशी जुळेनात, तर दोष बहुधा इथेच सापडतो. कडेच्या घोट्याइतक्या पाण्यात बाटली बुडवली की वाळू आत येते, आणि वाळूत जंतू दबा धरून असतात. कमरेइतक्या पाण्यात जा, ढवळलेला गाळ खाली बसू द्या. निर्जंतुक बाटलीचं झाकण अगदी शेवटी काढा, आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटलीचं तोंड खाली धरून ती 30 सेंटीमीटर खोल न्या, तिथे तोंड प्रवाह येतो त्या बाजूला वळवून भरा आणि वर थोडी जागा सोडा. मग ती थेट बर्फाच्या पेटीत ठेवा. गाडीच्या काचेपाशी तासभर तापलेला नमुना टाकून द्यावा, त्याचा मोह धरू नये.

वेळही ठरलेली हवी. उन्हाने जंतू मरतात, म्हणून त्याच जागचं दुपारचं पाणी सकाळपेक्षा स्वच्छ दिसू शकतं. नाल्याचं तोंड टाळून सोयीची जागा निवडणं ही तर स्वतःचीच फसवणूक.

मर्यादा वाचतानाही घोळ होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2012 मध्ये 100 मिलिलिटरमागे 35 एन्टेरोकोकाय हा निकष दिला, पण तो अनेक नमुन्यांच्या भूमितीय सरासरीचा (आकडे गुणून, मूळ काढून मिळणाऱ्या सरासरीचा) आहे. एकाच नमुन्याला तो लावू नका. खाऱ्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला दुसरा जंतू लवकर मरतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबू नका. आणि आकडा फार मोठा आला म्हणून 'नमुनाच बिघडला असेल' असं ठरवून तो बाजूला सारू नका. फेरतपासणी जरूर करा, पण तोवर फलक तिथेच राहू द्या.

फलकावर 'गुणवत्ता मानकांपेक्षा खालावली आहे' असं लिहिलेलं कुणी वाचत नाही. 'आज पाण्यात उतरू नका' असं लिहा, शेजारी पोहणाऱ्या माणसाच्या चित्रावर लाल काट मारा. किनाऱ्याला येणाऱ्या प्रत्येक वाटेवर तो लावा, फक्त मुख्य प्रवेशावर नको. नमुना मर्यादेत आला की त्याच दिवशी उतरवा, कारण महिनाभर तसाच राहिलेला फलक लोकांच्या नजरेला सवयीचा होतो. नमुना कधी घेतला, ती तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहा.