गॅरेजचं दार जड झालंय? मोटर बदलायच्या आधी स्प्रिंग बघा

परवा ओळखीतल्या एकाने विचारलं की मोटरवर चालणारं, ट्रॅकवरून वर छताखाली सरकणारं गॅरेजचं दार अर्धा फूट उचलतं आणि थांबतं, नवीन मोटर कुठली घेऊ. मी म्हटलं थांब, आधी मोटर सोडवून दार हाताने उचलून बघ. दार गुडघ्याच्या वर जाईना. मग टॉर्च मारून वर बघितलं तर स्प्रिंगचे दोन तुकडे, मध्ये दोन बोटं जातील एवढी फट. मोटर एकदम ठणठणीत होती बिचारी. हा गोंधळ खूप घरांत होतो आणि त्यात लोक नको तिथे हात घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, दार उचलते ती स्प्रिंग, मोटर नाही. एका गाडीच्या गॅरेजचं पत्र्याचं दार पण 40-60 किलोच्या आसपास भरतं, दोन गाड्यांचं तर शंभरच्या पुढे जाऊ शकतं, आणि तरीही चांगल्या स्थितीतलं दार तुम्ही एका हाताने वर करू शकता कारण सगळं वजन स्प्रिंगने पेललेलं असतं. मोटर फक्त ढकलायचं काम करते. म्हणून दार जड लागायला लागलं की पहिला संशय स्प्रिंगवर घ्यायचा, आणि मोटरचा जोर वाढवायचा स्क्रू तर अजिबात फिरवायचा नाही, कारण जोर वाढवला की दाराखाली काही आलं तरी ते दाबत राहू शकतं आणि उलटं वर जायची जी सोय असते तीच निकामी होते.

स्प्रिंगा दोन प्रकारच्या असतात. एक पिळाची, म्हणजे दाराच्या वर भिंतीला आडवा दांडा असतो त्याच्यावर चढवलेली, दांड्याच्या दोन्ही टोकांना ड्रम, म्हणजे केबल गुंडाळायची चाकं, आणि त्यांच्यावरून खाली दाराच्या तळाच्या कोपऱ्यांपर्यंत केबल. दुसरी ताणाची, ती दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकच्या वर असते आणि दार बंद केलं की रबरासारखी ताणली जाते. दोन्हींत एक गोष्ट सारखी, दार बंद असताना स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त जोर भरलेला असतो. बाहेरून ती शांत दिसते पण बंद दाराची स्प्रिंग म्हणजे पूर्ण चावी दिलेलं यंत्र आहे हे विसरू नका.

आता आयुष्य. साधी स्प्रिंग साधारण 10,000 वेळा उघडझाप होईल अशा हिशोबाने बनवतात, एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक. दिवसातून 4 वेळा दार वापरत असाल तर जेमतेम सात वर्षं, आणि घरात चार माणसं, दोन गाड्या, मुलांची सायकल पण त्याच दारातून असं असेल आणि 8 वेळा होत असेल तर साडेतीन वर्षांच्या आत संपली. म्हणजे वर्षं मोजून उपयोग नाही, वापर मोजा. प्रत्येक वेळी तार पिळली जाते आणि सुटते, त्यात कधीतरी पृष्ठभागावर बारीकशी चीर पडते आणि ती वाढत जाते. गंज लागला की त्याचे खड्डे म्हणजे चिरेला आयती जागा, त्यामुळे दमट हवेत स्प्रिंग लवकर जाते. थंडीच्या सकाळी तुटायचे प्रकारही जास्त.

तुटायच्या आधी काही खुणा दिसतात, बघायची सवय ठेवा. वेढ्यांवर तांबूस गंज, वर-खाली करताना करकर, दार खाली येताना शेवटी धाडकन आपटणं, मोटरचा आवाज ओढल्यासारखा होणं. दार एका बाजूला तिरकं जात असेल किंवा केबल सैल लोंबत असेल, तिचे धागे सुटलेले दिसत असतील तर वापर तिथेच थांबवा. आणि तुटते तेव्हा आवाज असा येतो की घरात काहीतरी मोठं पडलं असं वाटतं, रात्री झालं तर माणसं दचकून उठतात आणि सगळं घर शोधून झाल्यावर सकाळी गॅरेजमध्ये उलगडा होतो.

स्वतः करायची तपासणी सोपी आहे, दर दोन-तीन महिन्यांनी करा. दार पूर्ण बंद करा, बंदच, हे महत्त्वाचं. मुलं, कुत्रा-मांजर सगळे लांब. मोटरचा प्लग काढा, मग मोटरच्या पट्टीवरून खाली लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा. दोन्ही हातांनी हळूहळू कमरेइतकं वर न्या आणि हात जवळच ठेवून पकड सैल करा. दार तिथेच थांबलं किंवा जेमतेम थोडं हललं तर स्प्रिंग ठीक. खाली घसरत असेल तर स्प्रिंग थकलीये, आपोआप वर पळत असेल तर जोर जास्त आहे, दोन्ही बाबतीत माणूस बोलवा. आणि पहिल्याच झटक्यात उचलत नसेल तर जोर लावू नका, खाली ठेवून द्या. पॅनलच्या सांध्यात बोटं घालायची नाहीत, धरायला हँडल असतं ते धरा.

तपासणी झाली की लगेच तेलाचं काम उरकून घ्या. सिलिकॉनचा किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे वेढ्यांवर सगळीकडे हलका मारा, बिजागऱ्यांवर आणि रोलरच्या बेअरिंगवर पण. गाडी आधी बाहेर काढा नाहीतर टपावर थेंब पडतात. गंज सोडवायचा जो पातळ स्प्रे घराघरात असतो तो इथे वापरू नका, तो काही दिवसांत उडून जातो आणि आधीचं ग्रीसही धुऊन नेतो. ट्रॅकच्या आत मात्र काहीच लावायचं नाही, फडक्याने पुसायचं बस, ग्रीस लावलं की धूळ चिकटून रोलर अडकतात.

आता हात कुठे लावायचा नाही ते. दाराच्या तळाच्या कोपऱ्यात केबल जिथे अडकवलेली असते त्या पट्टीचे बोल्ट, स्प्रिंग मधल्या प्लेटला धरून ठेवणारे दोन बोल्ट, स्प्रिंगच्या टोकाला शंकूसारखा धातूचा तुकडा असतो, ज्याला कोन म्हणतात, त्याच्यावरचे चौकोनी डोक्याचे स्क्रू, आणि ड्रमचे स्क्रू. पाना घेऊन यांतलं काहीही "जरा घट्ट करू" म्हणून फिरवायचं नाही. आख्खं दार पेलणारा जोर त्या एका स्क्रूवर थांबलेला असतो, तो सुटला की कोन गरकन फिरतो. पीळ देण्यासाठी कोनाच्या भोकांत बरोब्बर बसणाऱ्या पोलादी सळ्या लागतात, साधारण अर्धा इंच जाडीच्या आणि दीड फूट लांबीच्या, आणि सात फुटी दाराला पाव-पाव फेऱ्याने तीसेक वेळा पीळ द्यावा लागतो, दर वेळी दोन सळ्या आलटून पालटून, एक कायम धरून. लोक त्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालतात, तो निसटतो आणि सरळ तोंडावर किंवा हातावर येतो, हाडं मोडतात, डोळे जातात. पिळाची स्प्रिंग बदलायचं काम शिकलेल्या माणसालाच द्या असं मी अगदी मनापासून सांगतो, इथे वाचवलेल्या पैशाला काही अर्थ नाही.

ताणाची स्प्रिंग त्या मानाने सोपी, कारण दार पूर्ण वर नेलं की तिच्यातला ताण बहुतेक निघून जातो. तरी दार खाली येऊ नये म्हणून दोन्ही ट्रॅकवर रोलरच्या खाली व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळली की तशीच धरून राहणारी पक्कड, लावावी लागते आणि मोटरचा प्लग काढावा लागतो, आणि पहिल्यांदा करताना माहितगार माणूस शेजारी हवाच. तुमच्याकडे या स्प्रिंगा असतील तर आजच एक बघा, स्प्रिंगच्या आतून एक बारीक केबल ओवलेली आहे का. ती सेफ्टी केबल. नसेल तर तुटलेला तुकडा गॅरेजभर उडू शकतो, गाडीची काच फोडू शकतो, माणसाला लागू शकतो. स्प्रिंग बदलायची वाट न बघता ती आधी बसवून घ्या.

आणि दार बंद असताना तुटली, गाडी आत, निघायची घाई, मग काय? रिमोट दाबत बसू नका, त्याने मोटरचे दाते झिजतात आणि वरचं पॅनल वाकतं. केबल जागेवर असतील तर दोघा-तिघांनी मिळून, लाल दोरी ओढून, दार सरळ उचलायचं, वर गेलं की ट्रॅकला व्हाइस ग्रिप लावायच्या, गाडी काढायची, आणि तसंच सगळ्यांनी धरून खाली आणायचं. पण दार उघडं असताना तुटली तर लाल दोरीला हात लावू नका!! तेव्हा दार फक्त मोटरने धरून ठेवलेलं असतं, दोरी ओढली की आख्खं वजन खाली येतं. खालून कोणाला जाऊ देऊ नका आणि फोन करा.

टेक्निशियन आला की, दाराला दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदमच बदला, एकाच दिवशी बसवल्या असतील तर दोघींची उघडझाप सारखीच झालीये, दुसरी फार दिवस काढणार नाही आणि एक नवी एक जुनी असली की दोघींचा जोर जुळत नाही. नवीन घेताना तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पिळाची दिशा हे चारही जुळलं पाहिजे. जाडी मोजायची युक्ती म्हणजे तुटलेल्या स्प्रिंगचे चिकटून असलेले 20 वेढे मोजून त्यांची लांबी घ्यायची आणि 20 ने भागायचं, 5 इंच आली तर तार पाव इंचाची. मधे दाराला इन्सुलेशन लावलं असेल, काचा बसवल्या असतील तर मात्र जुनं माप चालणार नाही, तेव्हा दाराचं वजन करूनच स्प्रिंग निवडायला सांगा. वापर जास्त असेल तर 20,000 किंवा त्याहून जास्त उघडझाप चालणारी मागा, तार जाड आणि लांबी जास्त असते म्हणून टिकते. केबल आणि बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्यायला सांगा, सगळं उघडलेलंच असतं.

काम झालं की मोटर जोडायच्या आधी कमरेइतकं उचलून बघायची तीच तपासणी त्याच्यासमोर करा. नंतर मोटर जोडून दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि बटण दाबा, फळीला टेकून दार परत वर गेलं पाहिजे. आणि दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि तारेची जाडी लिहून ठेवा, पुढच्या वेळी जो कोणी शिडीवर चढेल त्याला अंदाज लावत बसावं लागणार नाही.