गृहभेटीला जाताना

तुर्भ्याकडच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्यांना माझं पहिलं सांगणं: ‘घरी वातावरणच नाही’ असं शेरापुस्तकात लिहिण्याआधी घरी जाऊन या. सातनंतर जा, त्याआधी आईबाप कामावर असतात. रजिस्टर काढू नका, लोक बिचकतात. चहा मात्र नाकारायचा नाही. विचारायचं एवढंच: घरात कोणती भाषा बोलता, अभ्यासाला कोण बसवतं, धाकटी भावंडं कोण सांभाळतं? गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी पोर वर्गात गप्प असते आणि घरी वाण्याच्या उधारीचा हिशेब तोंडी सांगते. दुसऱ्या दिवशी वजाबाकी त्या उधारीपासूनच सुरू करा.

पण सगळं संस्कृतीवर ढकलू नका. (स्टाफरूममध्ये हे फार चालतं.) इंग्लंडमध्ये अल्पसंख्याक वंशांच्या मुलांच्या शिक्षणावरच्या १९८५च्या स्वान अहवालाने, ती मुलं मागे का पडतात हे सांगताना, घरच्या परिस्थितीबरोबर वंशभेदाकडेही बोट दाखवलं होतं. तिथे चिनी आणि भारतीय वंशाची मुलं सरासरीच्या पुढे असतात, शाळेत मोफत जेवण मिळणारी गरीब चिनी मुलंसुद्धा. तेव्हा घरच्या अपेक्षेला वजन आहेच. आपण मुलाला कुठे बसवतो आणि काय समजतो, त्यालाही आहे. दगडखाणीवर राबणाऱ्यांची मुलं तुमच्याकडे शेवटच्या बाकावर असतील, तर आधी ती पुढे घ्या, गृहभेट त्यानंतर.