दगडफूल आणि वटवाघूळ, तुलना लिहायची कशी

एक लायकेन (बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेला जीव, दगडफूल त्यातलंच) आणि एक वटवाघूळ घेऊन वर्गीकरण अन् संवर्धनाची तुलना करा असं असाइनमेंट आलंय ना, मग लगेच टेबल आखायला बसू नका, आधी किचनमध्ये जाऊन गोड्या मसाल्यातलं दगडफूल काढा. वरून राखाडी, खालून काळं. ताजं असेल तर दोन थेंब पाणी टाका, थोड्या वेळात राखाडीत हिरवट झाक दिसायला लागते. ते हिरवं म्हणजे आतलं शेवाळ, बाकी सगळा संसार बुरशीचा.

आता नाव कुणाचं लावायचं? बुरशीचं, नियमच आहे तसा. म्हणून सृष्टी बुरशी, संघ अ‍ॅस्कोमायकोटा, कुळ पार्मेलिएसी, प्रजाती (जीनस) पार्मोट्रेमा. शेवाळाचं नाव वेगळं, ट्रेबॉक्सिया. मी पहिल्या वेळी बिनधास्त 'वनस्पती' लिहून आलेले, मार्क गेले. आणि पुडीत अनेक जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय 'पार्मोट्रेमा परलॅटम' असं एकाच जातीचं नाव ठोकून देऊ नका.

वटवाघळात असली भानगड नाही. ओटोमॉप्स रॉटोनी घ्या: सस्तन वर्ग, कायरॉप्टेरा गण, मोलोसिडी कुळ, 1913 साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ थॉमसने नाव दिलं, संपलं.

खरी मजा संवर्धनात आहे. हे वटवाघूळ कितीतरी वर्षं फक्त बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडजवळच्या बारापेडे गुहेतच माहीत होतं, म्हणून रेड लिस्टमध्ये (आययूसीएन या जागतिक संस्थेची धोक्यातल्या जीवांची यादी) एकदम अतिसंकटग्रस्त. मग मेघालय, कंबोडियातही सापडलं आणि शेरा झाला 'माहिती अपुरी'. याचा अर्थ 'सुरक्षित' असा लिहिलात तर चुकलात. भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत ते आहेच. दगडफुलाचं नाव त्या कायद्यात नाही, आणि जगभरातून पहिली दोन लायकेन्स रेड लिस्टवर आली तीच 2003 साली.

धोक्याच्या रकान्यात दोघांना एकच वाक्य चिकटवू नका. गुहेत कुणी धूर केला, गोंगाट केला की अख्खी वसाहत बिथरते, आणि बहुतेक वटवाघळांना वर्षाला एखादंच पिल्लू होतं. दगडफूल वर्षाला मोजके मिलिमीटर वाढतं, झाडावरून खरवडून पोत्यात भरायला मात्र वेळ लागत नाही, शिवाय झाड तुटलं की तेही गेलंच.

फोटोसाठी गुहेत जायचा प्लॅन असेल तर सोडा, मसाल्याच्या डब्याचा चालतो.